लेडबीटर पॉसम की शुगर ग्लायडर?

शुगर ग्लायडर रील्समुळे आता आपल्याकडेही ओळखीचा झालाय. लेडबीटर पॉसमचा फोटो पाहून त्यालाच कुणी शुगर ग्लायडर म्हटलं तर नवल नाही. दोघेही ऑस्ट्रेलियातले, पोटाला पिशवी असलेले निशाचर प्राणी. करडं अंग, पाठीवर काळी रेघ, टपोरे डोळे, वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. (ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ग्लायडरला 2020 पासून क्रेफ्टचा ग्लायडर ही वेगळी जात मानतात, पण दिसायला तो तसाच.)

ओळखायचं तर आधी कुशीकडे बघा. ग्लायडरच्या हातापासून पायापर्यंत कातडीचा पडदा असतो. तो बसला की त्याच्या चुण्या बरगड्यांपाशी गोळा झालेल्या दिसतात. लेडबीटरला पडदा नाहीच. शिवाय त्याची शेपटी टोकाकडे गदेसारखी जाड होत जाते.

या पडद्यावरच दोघांचं नशीब ठरलंय. ग्लायडर एका झेपेत 50 मीटरपर्यंत तरंगत जातो, त्यामुळे विरळ रानातही त्याचं भागतं. लेडबीटरला फांदीवरून फांदीवर उड्या मारतच जावं लागतं, म्हणून दाट, एकमेकांत गुंतलेलं रान हवं. वॉटलच्या, म्हणजे बाभळीच्या भाऊबंदांच्या, खोडाचा चीक आणि सालीखालचे किडे हे त्याचं खाणं. राहायला माउंटन ॲश या प्रचंड निलगिरीतली ढोली, आत सालीच्या तंतूंचं घरटं. एका ढोलीत अख्खं कुटुंब राहतं, पण वीण एकाच जोडीची. हद्द राखण्यात मादी पुढे असते. वयात आलेल्या लेकींनाही ती हुसकावून लावते.

अशी ढोली तयार व्हायला दीडशेहून अधिक वर्षं लागतात, आणि खरं दुखणं तेच आहे. हा प्राणी नामशेष झाला असंच लोक धरून चालले होते; 1961 मध्ये तो व्हिक्टोरियातल्या मेरीसव्हिल गावाजवळ पुन्हा सापडला. 1971 मध्ये तो व्हिक्टोरियाचा राज्यप्राणी झाला. 1939 च्या वणव्यात जळूनही उभे राहिलेले वृक्ष त्याला कित्येक वर्षं ढोल्या पुरवत होते. आता ते कुजून कोसळताहेत. त्यात 2009 च्या वणव्यांनी त्याच्या अधिवासाचा मोठा भाग जाळला, आणि 2015 मध्ये त्याचं नाव अतिसंकटग्रस्त यादीत गेलं. ग्लायडर मात्र टिकून आहे. टास्मानियात तर माणसानेच त्याला नेलं, आणि तिथे तो स्विफ्ट पॅरट या दुर्मीळ पोपटाची अंडी, पिल्लं, इतकंच काय, अंड्यांवर बसलेली मादीही मारतो.

व्हिक्टोरियाने 1 जानेवारी 2024 पासून सरकारी नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड थांबवली. हे फार आधी व्हायला हवं होतं. कोवळी झाडं म्हातारी होईपर्यंत लेडबीटरसाठी झाडांवर लाकडी पेट्या टांगतात, काही खोडांत तर करवतीने ढोल्या कोरतात.