हात धरून पाहिला तेव्हा : चिनी ‘आंतरिक बळा’मागचा इतिहास

केनइची सवाई (१९०३–१९८८) हा जपानी गडी ज्यूडोत पाचव्या ‘दान’पर्यंत, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पाचव्या पायरीपर्यंत, पोचलेला. केंदो आणि इआइदो, म्हणजे तलवारीची विद्याही अंगात मुरलेली. बीजिंग जपानी फौजांच्या ताब्यात होतं त्या काळात तो तिथे राहत होता. शहरात वांग श्यांगझाय नावाचे एक गुरू आहेत, पन्नाशी ओलांडली आहे, तरी भल्याभल्यांना हलू देत नाहीत, असं त्याच्या कानावर आलं. सवाईला ते खरं वाटेना. समोरच्याला नीट धरलं की पुढचं आपल्या हातात, हा त्याचा आजवरचा अनुभव होता.

पुढचं त्यानेच नंतर लिहून ठेवलं आहे. त्याने वांगचा हात धरून डाव टाकला, आणि फेकला गेला तो स्वतःच. मग त्याने अंगाला भिडून झुंजायचं ठरवलं आणि हात व छातीवरचा कपडा घट्ट पकडला. वांगनी विचारलं, पकड नीट बसली ना? ‘हो’ म्हणताक्षणी त्याच्या हातांचा ताबा गेला आणि तो पुन्हा जमिनीवर. दर वेळी पडताना छातीवर, काळजाच्या जागी, एक हलकी थाप बसायची. थाप हलकी, पण आत काळीज हादरल्यासारखं वाटायचं आणि त्याची भीती बसायची. शेवटचा उपाय म्हणून त्याने तलवारीऐवजी काठी घेतली. वांगनी आखूड काठीने सगळे वार थोपवले. सवाईने तिथेच शिष्य करून घ्या म्हणून विनवलं. वांगनी नकार दिला. सवाई रोज दारात जाऊन उभा राहू लागला, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला.

‘आंतरिक बळ’, म्हणजे नुसत्या स्नायूंच्या जोरापलीकडचं म्हणून सांगितलं जाणारं बळ, या विषयावर अशा मतपरिवर्तनाच्या कथा पुष्कळ आहेत. पण सवाईचा संशय मुळात चुकीचा होता का? मला तसं वाटत नाही. तो कशावर होता हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

चिनी युद्धकलांची ‘आतली’ आणि ‘बाहेरची’ अशी वाटणी पहिल्यांदा दिसते ती एका मृत्युलेखात. साल १६६९. हुआंग झोंगशी या विद्वानाने वांग झेंगनान नावाच्या लढवय्यासाठी तो लिहिला. शाओलिन या बौद्ध मठाची मंडळी हल्ल्यात पटाईत, पण त्यांच्या हल्ल्याचाच फायदा समोरचा घेऊ शकतो. उलट ‘नेइजिया’, म्हणजे आतल्या घराण्याची विद्या, स्थिर राहून हालचालीला जिंकते, असं त्यात म्हटलं आहे. या घराण्याचा मूळपुरुष म्हणून वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग या ताओवादी साधूचं नाव दिलं आहे. सम्राटाने त्याला बोलावलं, वाट बंद होती, रात्री स्वप्नात देवाने येऊन मुष्टिविद्या शिकवली आणि दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने शंभरावर दरोडेखोर मारले. आपल्याकडच्या एखाद्या मठाच्या स्थळमाहात्म्यात शोभावी अशी ही गोष्ट.

लिहिणारा मात्र भोळा नव्हता. हुआंग मांचू सत्तेविरुद्ध लढलेला माणूस. बौद्ध शाओलिन ‘बाहेरचे’, कारण बौद्ध धर्म परदेशातून आलेला. ताओवादी वुदांग ‘आतले’, कारण ते अस्सल चिनी. बाहेरून येऊन गादीवर बसलेल्या मांचूंना हा टोला आहे, असं काही अभ्यासक मानतात. ते खरं असेल तर ‘आतलं’ या शब्दाचा तेव्हा स्नायू-श्वासाशी संबंध कमी आणि राजकारणाशी जास्त होता.

आजचा अर्थ चिकटला तो फार उशिरा. तायची, शिंगयी आणि बाग्वा या तीन वेगवेगळ्या विद्यांना एका छत्राखाली आणण्याचं काम मुख्यतः सुन लुतांग यांच्या पुस्तकांनी केलं. त्यातलं पहिलं १९१५ चं. तिन्ही विद्या त्यांना येत होत्या, त्यामुळे शब्दाला वजन आलं. श्वास, मन, ताओवादी साधना यांची भाषा युद्धकलेत रुजली. १९२८ मध्ये नानजिंगला सरकारी पाठबळाने राष्ट्रीय युद्धकला संस्था निघाली, तेव्हा तिचे चक्क शाओलिन आणि वुदांग असे दोन विभाग केले होते. दोन्हीकडची मंडळी आपसांतच भिडली आणि विभागणी लवकरच मोडीत निघाली.

याच संस्थेत काम केलेल्या तांग हाओने या सगळ्या दंतकथांना पहिला सुरुंग लावला. जपानमध्ये शिकून आलेला, पेशाने वकील, आणि स्वतः तालीम केलेला माणूस. १९३० मध्ये त्याने शाओलिन आणि वुदांग यांच्यावर पुस्तक काढलं आणि झांग सानफेंगने तायची निर्माण केल्याला पुरावा नाही, हे मांडलं. भारतातून चीनला गेलेला बौद्ध भिक्षू म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बोधिधर्माचीही त्याने गय केली नाही. आपल्याकडे दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर ‘कुंगफू भारतातून गेलं’ असा निरोप फिरतो, त्याचं मूळ ‘यीजिन जिंग’ नावाच्या व्यायामग्रंथात आहे. हा ग्रंथ बोधिधर्माचा म्हणून सांगितला जातो, पण तो सतराव्या शतकातला आणि त्याला जोडलेली जुनी प्रस्तावना बनावट. तांग हाओ हेनानमधल्या चेनजियागोऊ या गावीही जाऊन आला. आज माहीत असलेल्या तायचीचा माग लागतो तो याच गावात, चेन घराण्यात. स्वप्नातल्या देवाच्या जागी शेतकरी घराण्याची तालीम आली. हे ऐकून अनेक गुरू चिडले, यात नवल नाही.

आता गंमत पाहा. सवाईचं मत ज्यांनी बदललं ते वांग श्यांगझाय (१८८५–१९६३) तांग हाओच्याच जातकुळीतले, म्हणजे खोड्या काढणारे संशयी. ते शिंगयीत वाढले. पुढे ठरलेल्या हालचालींचे संच, पंचतत्त्वांची पोपटपंची, गूढ शब्दांचा पसारा, सगळं टाकून दिलं. १९४० मध्ये बीजिंगच्या वर्तमानपत्रातून त्यांनी प्रचलित विद्यांवर उघड टीका केली आणि ज्याला पारखायचं आहे त्याने यावं, असं बोलावणं दिलं. त्यांच्या ‘यीच्वान’ या स्वतःच्या विद्येत उरलं काय? मुख्यतः उभं राहणं. झान झुआंग, म्हणजे खुंटासारखं उभं राहणं. गुडघे किंचित सैल, हात छातीसमोर जणू मोठा घडा कवटाळल्यासारखे, आणि तसंच अर्धा-पाऊण तास. पाच मिनिटांत खांदे भरून येतात, मांड्या थरथरतात. मग शरीर निमूटपणे खांद्यांचं काम सोडून पाय आणि कंबर यांवर भार द्यायला शिकतं. चिनी भाषेत ‘ली’ म्हणजे नुसता जोर आणि ‘जिन’ म्हणजे कमावलेला, अंगभर जोडलेला जोर, असा भेद करतात. ‘ची’ची, म्हणजे प्राणशक्तीची, चर्चा न करताही हा भेद हाताला कळतो.

साध्या माणसाला ढकललं की त्याचा खांदा आधी ताठतो; त्याचा विरोध कुठून येतोय ते लगेच कळतं. तयार माणूस ही खूण देत नाही. ढकलणाऱ्याचा जोर त्याच्या पायांतून जमिनीत जातो आणि जमिनीवरूनच परत येतो. ढकलणारा आपल्याच जोराने उखडतो. लाल मातीत मुरलेल्या पैलवानाला हे सांगावं लागत नाही, समोरच्याच्या रेट्यावर डाव टाकणं त्याचं रोजचंच. फरक एवढाच की इथे दिसायला काहीच हालत नाही, म्हणून जादू वाटते.

१९३९ मध्ये मांचुर्‍यात तेनर्‍यू या नामवंत सुमो पैलवानाचं असंच झालं. ऐकिदोचे जनक मोरिहेइ उएशिबा यांचं प्रात्यक्षिक त्याला बनाव वाटलं. पुढे होऊन हात धरला, तर लोखंडी गज धरल्यासारखं वाटलं, असं त्यानेच सांगितलं, आणि तो शिकायला लागला.

अर्थात अशा आठवणी हातचं राखून वाचाव्यात. त्या बहुतेक उशिरा लिहिल्या गेल्या (सवाईचं इंग्रजी पुस्तक १९७६ चं), त्याही नंतर शिष्य झालेल्यांनी. ज्यांना हात धरूनही काही वाटलं नाही, ते घरी गेले आणि त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत. शिवाय बळ असणं वेगळं आणि भांडणात उभं राहणं वेगळं. एप्रिल २०१७ मध्ये छंगदूमध्ये मिश्र युद्धकलेच्या शू श्याओदोंगने स्वतःला तायचीचा गुरू म्हणवणाऱ्या वेइ लेइला काही सेकंदांत लोळवलं. स्पर्श न करता माणसं पाडणाऱ्यांची गत तर त्याहून वाईट. त्यांची विद्या आपल्याच शिष्यांवर चालते. तांग हाओला या दोन्ही गोष्टींचं आश्चर्य वाटलं नसतं.

सवाईने युद्धानंतर जपानला परतून १९४७ मध्ये ‘ताइकिकेन’ ही आपली विद्या सुरू केली. त्यासाठी त्याने मोठा आखाडा बांधला नाही. टोकियोच्या मेइजी देवस्थानाच्या आवारात झाडांखाली तो शिकवायचा. कराटेतले दांडगे गडी यायचे, आणि तो आधी त्यांना एखाद्या झाडासमोर, हात छातीपुढे धरून, नुसतं उभं करायचा.