उन्हाचा सेन्सर पॅनेलसारखा तिरका लावू नका

बागेला किती पाणी द्यायचं ते सांगणारं हवामान यंत्र बसवून महिना होत नाही तोच फोन येतो, "तुमचं मशीन पाणी जास्त सांगतंय." द्राक्षबागेवर जाऊन पाहावं तर बहुतेक वेळा उन्हाचा सेन्सर दक्षिणेकडे झुकवलेला. कुणीतरी चांगल्या मनानेच केलेलं असतं: सोलर पंपाचं पॅनेल तिरकं, मग हा आडवा कसा?

पॅनेलला ऊन पकडायचं असतं, सेन्सरला मोजायचं. बागेतून किती पाणी उडतं हा हिशोब सपाट जमिनीवर पडणाऱ्या उन्हावर बेतलेला आहे. डिसेंबरात नाशकात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर असतो. तेव्हा सेन्सर 20 अंश दक्षिणेला कलला, तर थेट ऊन सव्वापट दिसतं. म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या बागेला ऐन हंगामात गरज नसलेलं जादा पाणी. जूनमध्ये उलट, आकडा कमी येतो. म्हणून "अमुक टक्के वजा करून वाचा" असं आम्ही कुणाला सांगत नाही.

सेन्सरच्या बैठकीवर गोल बुडबुडा आहे. तो मधल्या वर्तुळात येईपर्यंत तिन्ही स्क्रू थोडे थोडे फिरवा. ज्यावर सेन्सर बसवलाय तो पाइप ओळंब्यात आहे, एवढ्यावर भागत नाही. ट्रॅक्टरचा धक्का बसला, वादळ होऊन गेलं, की पुन्हा पाहा.

सावलीचंही तसंच. सेन्सर पाइपच्या दक्षिणेला लावा, असं पुस्तिकांत असतं. पण आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो. म्हणून आम्ही पाइपच्या डोक्यावरच बसवतो, वर काही ठेवत नाही. निरभ्र दिवसाचा आलेख पालथ्या घमेल्यासारखा यायला हवा. रोज त्याच वेळेला खड्डा पडत असेल तर सावली शोधा. ढगाच्या कडेने ऊन आलं की आकडा क्षणभर हजाराच्या (वॅट प्रति चौरस मीटर) वर उडतो, तो बिघाड नव्हे.

बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारल्यावर सेन्सरच्या काचेवर निळसर थर बसतो. साधं पाणी, मऊ फडकं, बस्स. थिनर नको.

बसवून दिल्यावर सेन्सर हलवला तर फेरीचे पैसे घेतो, यावर काहीजण नाराज होतात. पण माणसाचा अर्धा दिवस जातो, तोही छाटणीच्या घाईत. वार्षिक सेवा घेतली असेल तर ऑक्टोबर छाटणीआधीची एक फेरी त्यातच धरलेली आहे. त्या फेरीत आमचा सेन्सर शेजारी ठेवून तुमचा आकडा ताडून देतो.

फोन करण्याआधी बुडबुड्याचा बरोब्बर वरून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. पुष्कळदा काम तिथेच मिटतं.