विधान आणि गृहीतक : न लिहिलेलं वाक्य शोधायचं कसं?

"उद्या शहरात पाणी येणार नाही, नागरिकांनी आजच पाणी भरून ठेवावं." रीझनिंगच्या पहिल्या तासाला मी हे वाक्य फळ्यावर लिहिते आणि खाली तीन पर्याय देते. एक, निदान काही घरांत तरी पाणी साठवायची सोय आहे. दोन, पाणी जपून वापरायला हवं. तीन, सगळे नागरिक ही सूचना पाळतील. आता सांगा, ही सूचना काढणाऱ्याने यातलं काय गृहीत धरलंय?

निम्मा वर्ग दुसऱ्या पर्यायावर टिक करतो. दरवर्षी.

बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांना आणि सीसॅटवाल्यांना (सीसॅट म्हणजे युपीएससी पूर्वपरीक्षेतला ॲप्टिट्यूडचा पेपर) हा प्रश्नप्रकार चांगलाच ओळखीचा आहे, आणि बरेच जण तो 'अंदाजपंचे' सोडवतात कारण त्यांना वाटतं की याला काही नियम नाही, पेपर काढणाऱ्याच्या मनात असेल ते उत्तर. त्यात युपीएससीच्या पूर्वपरीक्षेत २०११ साली आलेला सीसॅट २०१५ पासून नुसता क्वालिफाइंग झाला, ३३ टक्के मिळाले की सुटलो, त्यामुळे मन लावून शिकायची इच्छाच होत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण अख्ख्या पेपरात रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त कामाला येणारा प्रश्न हाच आहे.

शाळेत आपण अध्याहृत कर्ता शिकलो ना, "जा" म्हटलं की "तू" न बोलताच कळतो, गृहीतक पण तसंच असतं. बोलणाऱ्याने ते उच्चारलेलं नसतं पण त्याच्याशिवाय त्याचं बोलणं उभंच राहत नाही. म्हणजे ते वाक्य खरं आहे का, आपल्याला पटतंय का, हा प्रश्नच नाही, प्रश्न एवढाच की ते काढून घेतलं तर वरचं विधान कोसळतं का. तपासायची रीत सोपी आहे, पर्याय उलटा करायचा आणि परत सूचना वाचायची.

पहिला उलटा करा : एकाही घरात पाणी साठवायची सोय नाही. मग "भरून ठेवा" कोणाला सांगताय? सूचना गेली, म्हणजे हे गृहीतक आहे. दुसरा उलटा करा : पाणी जपून वापरायची काही गरज नाही, धरण काठोकाठ भरलंय. तरी उद्या पाइपलाइनच्या दुरुस्तीमुळे पाणी येणार नसेल तर आज भरून ठेवायलाच लागेल. सूचनेला काही धक्का लागला नाही, म्हणजे वाक्य कितीही चांगलं असलं तरी हे गृहीतक नाही.

तिसऱ्यात खरी गंमत आहे आणि इथेच हुशार पोरंसुद्धा घसरतात. "सगळे पाळतील" याचं उलटं काय? वर्गातून उत्तर येतं, "कोणीच पाळणार नाही", आणि मग सूचना अर्थातच निरर्थक वाटते, की झालं, टिक. पण "सगळे"चं उलटं "कोणीच नाही" हे नसतं, "सगळेच नाही" हे असतं, म्हणजे एखादा जरी पाळणार नसला तरी पुरे. आणि चार लोकांनी दुर्लक्ष केलं म्हणून सूचना चुकीची ठरते का? नाही. तेव्हा तिसरा पण बाद. सगळे, फक्त, नेहमी, कधीच असे शब्द पर्यायात दिसले की मी पोरांना थांबवून उलटं वाक्य पूर्ण लिहायला लावते, मनातल्या मनात केलं की हमखास चुकतं.

मग दुसऱ्या पर्यायाला निम्मा वर्ग का भुलतो? याचं उत्तर मानसशास्त्रात आहे. इंग्लंडमधल्या जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात लोकांना फक्त एवढंच सांगायचं होतं की दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघतो की नाही. त्यातला एक नमुना बघा : व्यसन लावणारी कुठलीच गोष्ट स्वस्त नसते. काही सिगारेटी स्वस्त असतात. म्हणून व्यसन लावणाऱ्या काही गोष्टी सिगारेटी नसतात. शेवटचं वाक्य आपल्याला एकदम पटतं, दारू आहे, तंबाखू आहे, पण वरच्या दोन विधानांवरून ते निघत नाही. असे न निघणारे पण पटणारे निष्कर्ष सुमारे ७१ टक्के वेळा मान्य झाले, आणि न निघणारे आणि न पटणारे फक्त १० टक्के वेळा. तर्क दोन्हीकडे सारखाच चुकलेला! "पाणी जपून वापरायला हवं" हे वाक्य पटतं, म्हणून डोकं पुढचं तपासतच नाही.

तसं बघितलं तर गृहीतक न बोलता गाळणं हा काही दोष नाही, सगळंच बोलत बसलो तर दूधवाल्याशी हिशोब करायलाही तास लागेल. ॲरिस्टॉटलने हे फार छान सांगितलंय. डोरियस नावाच्या खेळाडूला मुकुट मिळाला हे सांगायचं असेल तर तो ऑलिंपियात जिंकला एवढं म्हणणं पुरे, तिथे बक्षीस म्हणून मुकुट देतात हे वेगळं सांगायला नको, ते सगळ्यांना माहीतच असतं, ऐकणारा मधलं वाक्य स्वतःच भरतो.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राने (कोर्टातला न्याय नव्हे, 'न्याय' नावाचं जुनं भारतीय तर्कशास्त्र) मात्र दुसऱ्याला पटवून देताना ते मधलं वाक्य गाळायचं नाही असं ठरवलं, आणि मला ही पद्धत फार आवडते. डोंगरावर आग आहे. का? तर तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. पाच पायऱ्या, आणि तिसरी पायरी म्हणजे आपण एरवी गिळून टाकतो ते गृहीतक, ते सुद्धा उदाहरणासकट सगळ्यांसमोर मांडायचं. त्याला व्याप्ती म्हणतात. एकदा मांडलं की समोरचा ते तपासू शकतो. आता हेच उलट करून बघा, "आग आहे म्हणून धूर असणार". लाल होईपर्यंत तापवलेला लोखंडाचा गोळा घ्या, आग आहे, धूर कुठाय? नैयायिक, म्हणजे हे न्यायशास्त्रवाले, म्हणतात, धूर येतो तो ओल्या इंधनामुळे. ज्यांनी पावसाळ्यात चूल पेटवलीय त्यांना हे डोळ्यांत पाणी येऊन कळलेलं आहे. ही न सांगितलेली अट, ओलं लाकूड, तिला ते उपाधी म्हणतात.

आता पेपरातली बातमी त्याच पद्धतीने वाचून बघा. समजा लिहिलंय, "तालुक्यात यंदा डेंग्यूच्या केसेस दुप्पट झाल्या, म्हणजे डास वाढले." ऐकायला सरळ वाटतं. पण केसेस म्हणजे टेस्टमध्ये सापडलेले रुग्ण, ताप येऊन घरीच बरे झालेले त्यात धरलेलेच नाहीत. म्हणजे मधे एक वाक्य गिळलेलं आहे : गेल्या वर्षी आणि यंदा टेस्ट साधारण सारख्याच झाल्या. उलटं करा. गेल्या वर्षी टेस्टिंगची सोय फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी होती आणि यंदा तालुक्यातच सुरू झाली, तर डास होते तेवढेच असूनही आकडा दुप्पट होऊ शकतो. हे उदाहरण दिल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, ती म्हणाली, "मॅडम, मग बातमीत टेस्ट किती केल्या ते पण द्यायला पाहिजे ना?"