कॅज्युअल्टीच्या दारात काय सांगायचं?

रुग्णाला किती सांगायचं, हा वाद फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला बजावलंय की रोग्याचं आयुष्य थोडंच उरलंय हे कळलं, तरी सांगितल्याने त्याला किंवा दुसऱ्या कुणाला धक्का बसणार असेल तिथे बोलू नये. 1847 ची अमेरिकन मेडिकल असोसिएशनची संहिताही जवळपास हेच म्हणते. धोक्याची सूचना द्यायची ती आप्तांना; खुद्द रुग्णाला, अगदीच गरज पडली तर. 1961 साली शिकागोतल्या एका पाहणीत सुमारे 90 टक्के डॉक्टर कॅन्सरचं निदान रुग्णाला सांगायला नाखूश होते. 1979 मध्ये तशाच पाहणीत 97 टक्के सांगण्याच्या बाजूने निघाले. पण कॅन्सरमध्ये विचाराला वेळ असतो. अपघात विभागात नसतो.

आपल्याकडे बदल आणला तो मुख्यतः न्यायालयांनी. सर्वोच्च न्यायालयाच्या 1989 च्या परमानंद कटारा निकालाने पोलिसी सोपस्कारांआधी उपचार करणं प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक केलं. 1995 मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली आणि कन्सेंटच्या, म्हणजे संमतीच्या, कागदांना महत्त्व चढलं. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनी आजाराचं गांभीर्य फुगवूही नये, लपवूही नये असं स्पष्ट लिहिलं. मात्र माहिती रुग्णाला, नातेवाइकांना ‘किंवा’ जबाबदार मित्रांना, अशी पळवाट त्यातच राहिली. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान रुग्ण भुलीखाली असताना आईने दिलेली संमती चालत नाही असं ठरवलं. सूट फक्त जीव वाचवण्यापुरती.

म्हणजे आधी कागद आला. बोलणं मागेच राहिलं.

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत गोंदिया-गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. बाहेर ताटकळलेला भाऊ विचारतो, “साहेब, खरं सांगा, वाचंल ना?” सरकारी असो की खासगी, उत्तर बहुधा ठरलेलं: “पेशंट सिरिअस आहे, चोवीस तास काही सांगता येत नाही.” पाठोपाठ हाय रिस्क कन्सेंट, सही किंवा अंगठा. डोक्याला मार लागलेल्याबाबत हे उत्तर शंभर टक्के खरं असू शकतं. तेच उत्तर सरसकट सगळ्यांना दिलं की ती नुसती ढाल होते. त्यात सरकारी कॉलेजांतल्या पीजीच्या (पदव्युत्तर) निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातल्या, त्यामुळे समोरचा निवासी डॉक्टर कधी मराठीत अडखळतो, कधी नातेवाईक हिंदीत.

संध्याकाळी “ठीक आहे” ऐकलेल्या माणसाला पहाटे मृत्यूची बातमी मिळाली की रुग्णालयाच्या काचा फुटतात, असं माझं मत आहे. 2010 च्या राज्य कायद्याने अशा हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. बंदोबस्त झाला, पण आधी काय सांगितलं गेलं हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेतच नाही.

इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता 2009 ची. संवादाचं प्रशिक्षण एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रीतसर आलं ते 2019 मध्ये. त्याआधी सिनिअर जे बोलायचा तेच ज्युनिअर उचलायचा. नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीची इंटर्नशिप 2025 मध्ये आटोपली. आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला वगळून अजूनही दाराबाहेरच्या भावालाच आधी बोलावतात.