बेरेटा १९३४: पिस्तुलावरचे ठसे काय सांगतात

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात नथुराम गोडसेने गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या, ते पिस्तूल इटालियन बनावटीचे बेरेटा होते. खटल्याच्या कागदपत्रांत त्याचा क्रमांक ६०६८२४ असा आहे. या पिस्तुलावर लिहिताना ‘ते १९३४ साली बनलेले होते’ असे अनेकदा सरसकट लिहिले जाते. पण १९३४ हे मॉडेलचे नाव आहे. एखादे पिस्तूल नेमके कोणत्या साली कारखान्यातून बाहेर पडले, ते पिस्तुलावर मॉडेलच्याच ओळीत पुढे वेगळे कोरलेले असते. पोलादावर उमटवलेली ही अक्षरे आणि चिन्हे, म्हणजे ठसे, नीट न वाचता केलेली विधाने वर्षानुवर्षे कशी फिरत राहतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बेरेटाचा कारखाना उत्तर इटलीत, ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपिया या गावात. या घराण्याचा बंदुकीच्या नळ्या बनवण्याचा धंदा १५२६ पासून कागदोपत्री सापडतो. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या वाल्टर पीपी पिस्तुलाने इटलीत लक्ष वेधून घेतले, तेव्हा त्याला तोड म्हणून बेरेटाने हे मॉडेल पुढे आणले. त्यामागे तुल्लिओ मारेंगोनी या अभियंत्याचे काम होते. काडतूस ‘९ कोर्तो’, म्हणजे आखूड ९ मिलिमीटर. इंग्रज आणि अमेरिकन त्यालाच .३८० म्हणतात. मॅगझिनमध्ये सात गोळ्या. रचना साधी, भाग थोडे, म्हणून युद्धाच्या धबडग्यातही टिकणारे.

आता ठसे. स्लाइडच्या (नळीवरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या) डाव्या अंगावर ओळ असते: पी. बेरेटा, कॅल. ९ कोर्तो, मॉडेल १९३४, ब्रेव्हेत्तातो (पेटंट घेतलेले), गार्दोने व्ही. टी. आणि शेवटी साल. हे साल दोनदा येते, एकदा नेहमीच्या अंकांत आणि लगेच पुढे रोमन अंकांत. उदाहरणार्थ १९३७ आणि त्यापुढे रोमन पंधरा. हे रोमन आकडे मुसोलिनीच्या फॅसिस्ट कालगणनेचे. तिचे वर्ष ऑक्टोबर १९२२ मधल्या रोमवरच्या मोर्चापासून मोजत आणि ते ऑक्टोबरच्या अखेरीस पालटे. त्यामुळे १९३७ च्या पिस्तुलावर पंधरा असेल, तर ते ऑक्टोबर संपायच्या आधीचे. सोळा असेल, तर वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांतले. एका राजवटीचा गर्व पोलादावर असा राहून गेला, आणि आज तोच बनावटीचा काळ महिन्यांपर्यंत सांगायला उपयोगी पडतो.

चौकटीच्या (मूठ आणि चाप असलेल्या खालच्या भागाच्या) डाव्या बाजूला मागच्या टोकाशी मालकाचा ठसा असतो. मुकुटाखाली ‘आर ई’ म्हणजे रेजियो एझेर्चितो, राजाचे भूदल. ‘आर एम’ आणि नांगर म्हणजे नौदल, ‘आर ए’ आणि गरुड म्हणजे हवाई दल, ‘पी एस’ म्हणजे पोलीस. हा ठसा मुळीच नसेल तर ते पिस्तूल खासगी विक्रीतले किंवा परदेशी मागणीतले असण्याची शक्यता तपासावी. रुमानियासाठी बनलेल्या पिस्तुलांवर ‘कोर्तो’च्या जागी ‘स्कुर्त’ असा त्यांच्या भाषेतला शब्द आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती जाहीर केली आणि उत्तरेकडचा हा कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला. त्या काळातल्या काही पिस्तुलांवर ‘४ यू टी’ हा वेगळाच तपासणी ठसा आढळतो.

घोटाळा होतो तो युद्धानंतरच्या मालात. राजेशाही गेली, फॅसिस्ट कालगणना गेली, पण रोमन अंक गेले नाहीत. बंदुका-पिस्तुले तपासून त्यांवर चिन्ह उमटवणाऱ्या इटलीच्या सरकारी चाचणी केंद्राने १९४५ ला एक धरून नवी मालिका सुरू केली. त्या हिशेबाने रोमन पंधरा म्हणजे १९५९. तोच आकडा, आणि मध्ये बावीस वर्षांचे अंतर. म्हणून नुसता आकडा पाहून निकाल देऊ नये. तो आकडा स्लाइडच्या मुख्य ओळीत सालाला जोडून आहे, की चाचणीच्या चिन्हांशेजारी एकटाच आहे, हे आधी पाहावे. मुकुटाचा ठसा आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

भारतात ही पिस्तुले येण्याची एक मोठी वाट युद्धाच्या लुटीची. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत इटालियन फौजेशी झालेल्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. पुढे खुद्द इटलीत याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये टायबरच्या वरच्या खोऱ्यातल्या पराक्रमासाठी मरणोत्तर, तर नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठच्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाडाव झालेल्या इटालियन अधिकाऱ्यांची पिस्तुले अशा रणांगणांवर विजेत्यांच्या हाती पडत, आणि त्यांतली काही घरापर्यंत येत.

गोडसेचे पिस्तूल ग्वाल्हेरच्या सैन्यातल्या कुणा अधिकाऱ्याने अॅबिसिनियातून (आजच्या इथिओपियातून) आणले, असे सांगितले जाते. खटल्यात सरकार पक्षाने मांडले ते एवढेच की २८ जानेवारीला ते ग्वाल्हेरात मिळवले गेले. माझ्या मते या दोन गोष्टी एका दमात सांगू नयेत. कारखाना, साल आणि मूळ फौज ठशांवरून कळते. ते कोणत्या लढाईत कुणाच्या कमरेला होते, हे ठसा कधीच सांगत नाही. त्याला पावती, पलटणीची नोंद किंवा शपथेवरची साक्ष लागते. केवळ क्रमांकावरून रणांगणापर्यंतची कथा रचणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग ती कथा कितीही रंगतदार असो.

सरप्लस, म्हणजे सैन्याने विकून टाकलेल्या जुन्या मालाबाबत आणखी एक काळजी. क्रमांक चौकटीवर आणि स्लाइडवर दोन्हीकडे असतो, तो जुळवून पाहावा. जुळला नाही तर दोन पिस्तुलांचे भाग एकत्र आले आहेत, आणि स्लाइडवरचे साल चौकटीला लागू होत नाही. नव्याने पॉलिश केलेल्या पिस्तुलावर अक्षरांच्या कडा बोथट होतात, मुकुट पुसट होतो, आणि वाचण्याजोगे जे होते तेच घासून जाते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ८ शस्त्रावरची ओळखचिन्हे पुसायला किंवा बदलायला मनाई करते. आजोबांच्या ट्रंकेत असे काही सापडले तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे, आणि ठसे होते तसे राहू द्यावेत.