नव्वदवर थांबलेला आकडा

"डॉक्टर, ऑक्सिजन वाढवा ना! अजून नव्वदच दाखवतंय." वहिनी तिसऱ्यांदा विनवत होत्या आणि ड्यूटीवरची तरुण डॉक्टर मान हलवून 'नको' म्हणत होती. डिसेंबरची पहाट, साडेचार वाजलेले. माझा शाळेपासूनचा मित्र कॅज्युअल्टीच्या खाटेवर होता, तोंडाला मास्क. घरून निघताना बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्के दाखवला होता. कोविडच्या काळात पुण्यात हे छोटं यंत्र घरोघरी आलं आणि ९५च्या खाली गेलं की धोका, हे आपल्या मनात पक्कं बसलं. मग इथे नव्वदवर का थांबायचं? मला त्या क्षणी डॉक्टरांचा रागच आला होता. कारण नंतर समजलं, आणि सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा, रुग्ण असलेल्या प्रत्येक घरात ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मित्राने आयुष्यात विडी-सिगारेट ओढलेली नाही. लष्कर भागातल्या एका बेकरीत लाकडाच्या भट्टीपुढे मात्र एकतीस वर्षं काढली. पुण्याचेच डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, तेव्हा हाच मुद्दा मांडला होता: जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. दवाखान्यात 'सिगारेट ओढता का' हे लगेच विचारतात. 'काम काय करता, घरी चूल होती का' हेही तितक्याच तातडीने विचारायला हवं.

आपल्या फुप्फुसांत कित्येक कोटी वायुकोश, म्हणजे हवेचे इवलेसे फुगे, असतात. त्यांच्या लवचिक भिंती बारीक श्वासनलिकांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात, मांडवाचे दोर कापड ताणून धरतात तशा. वर्षानुवर्षं धूर गेला की या भिंती झिजतात, नळ्या सुजतात, कफ साठतो. श्वास घेताना छाती फुलते, नळ्याही उघडतात आणि हवा आत जाते. सोडताना त्याच नळ्या मिटू लागतात, हवा आतच अडकते. म्हणजे खरी अडचण श्वास सोडण्याची आहे.

तुमची तब्येत ठणठणीत असेल तर एकदा करून बघा. छातीभर श्वास घ्या, त्यातला अगदी थोडाच सोडा, आणि त्यावरच पुढचा श्वास घ्या. असं चार-पाच वेळा केलंत की छाती आवळल्यासारखी होते, आत जागाच उरत नाही. मित्राचं रात्रभर तेच चाललं होतं. आम्ही त्याच्या घरी पोचलो तेव्हा तो पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसला होता. गरम चहावर फुंकर मारावी तसे ओठ करून श्वास सोडत होता. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ओठ आवळले की बाहेर जाणाऱ्या हवेचा उलटा दाब नळ्यांना काही क्षण उघडं ठेवतो. हात रोवले की खांद्यांचे स्नायू बरगड्या उचलायला मदत करतात.

हवा अडकली की कार्बन डायऑक्साइडही अडकतो. रक्त आम्लधर्मी होतं, माणूस गुंगीत जातो. इथेच जास्तीचा ऑक्सिजन घात करू शकतो. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. ही शरीराची स्वतःची सोय. ऑक्सिजन भरमसाट दिला की त्या वाहिन्या पुन्हा सैलावतात, रक्त निकामी भागांतून फिरून येतं आणि कार्बन डायऑक्साइड न टाकताच परत जातं. शिवाय ऑक्सिजन धरला की हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइडवरची पकड सोडतं. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ सालीच दाखवलं होतं. 'ऑक्सिजन जास्त झाला की मेंदू श्वास घ्यायचं विसरतो' एवढंच कारण पूर्वी शिकवलं जाई. त्याचा वाटा आहे, पण थोडा.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात, सीओपीडी बळावल्याच्या शक्यतेने रुग्णवाहिकांमधून नेलेल्या ४०५ रुग्णांवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांपैकी ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांपैकी ४ टक्के. म्हणून अशा रुग्णांसाठी लक्ष्य ८८ ते ९२ ठेवतात. याचा अर्थ ऑक्सिजन द्यायचाच नाही असा मुळीच नाही. ७८ वर सोडून दिलं असतं तर मित्र वाचला नसता. आणि हा आकडा सगळ्यांसाठीही नाही, आपल्या रुग्णाचं लक्ष्य त्याच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन तपासलं, तेव्हा कार्बन डायऑक्साइड खूप वाढलेला निघाला. बायपॅप लावलं. हे यंत्र घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दोन दाब देतं: श्वास घेताना जास्त, म्हणजे थकलेल्या स्नायूंना हात मिळतो, सोडताना कमी, पण नळ्या मिटू न देण्याइतका. म्हणजे ओठ आवळून तो जे करत होता, तेच. सकाळी दहाच्या सुमाराला त्याने डोळे उघडून वहिनींकडे पाहिलं आणि मास्क काढा अशी खूण केली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

निमित्त होतं साधं सर्दी-पडसं. त्यात दीड महिना पंप (श्वासातून औषध घ्यायचा इनहेलर) बंद, 'पंपाची सवय लागते' असं कोणीतरी सांगितलं म्हणून. सवय लागत नाही. नळ्यांची सूज आणि आकसणं रोज आटोक्यात ठेवायला तो रोज घ्यावा लागतो, रक्तदाबाच्या गोळीसारखा.

सातव्या दिवशी घरी सोडलं. वहिनींनी डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दारामागच्या खिळ्याला अडकवलंय, रात्री-अपरात्री १०८ला फोन करावा लागला तर हाताशी असावं म्हणून. त्यावर मुलाने लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'सीओपीडी. ऑक्सिजन ८८ ते ९२.'