वाकलेल्या काठ्या, ताणलेलं कापड: थोडी पार्श्वभूमी

काठ्या वाकवून वर आच्छादन टाकायचं ही आयडिया इतकी जुनी आहे की कुणाच्या नावावर टाकणंच अवघड. दक्षिण इराकच्या दलदलीत मुधीफ (बोरूची पाहुणेघरं) बांधतात तेव्हा बोरूच्या जाड जुड्या समोरासमोर रोवतात, शेंडे ओढून एकत्र बांधतात, झाली कमान.

इंजिनियर मंडळींना मात्र वाकणं म्हणजे दोष, बीम वाकला की कुठेतरी चुकलं. खरंतर वाकलेल्या पट्टीचा आकार कसा होतो याचं गणित गणितज्ञ ऑयलरने १७४४ मध्येच छापलं होतं, पण बांधकामात ते मुद्दाम कोण वापरणार?

मग आला जर्मन आर्किटेक्ट फ्राय ओटो. १९६४ ला स्टुटगार्टमध्ये त्याची हलक्या बांधकामांची संस्था सुरू झाली, तिथे तंबूंचे आकार साबणाच्या फिल्मवरून शोधायचे. १९७५ ला मॅनहाइमच्या मल्टीहाले या मोठ्या हॉलसाठी लाकडी पट्ट्यांची जाळी आधी सपाट जोडली, मग खालून रेटत उचलली, आकार आल्यावर सांध्यांचे बोल्ट आवळले आणि वर कोटेड कापड. त्याच वर्षी नॉर्थ फेस या गिर्यारोहणाचं सामान बनवणाऱ्या कंपनीने ओव्हल इंटेन्शन हा डोम तंबू आणला, म्हणजे गिर्यारोहकांच्या पाठीवर हेच तत्त्व आलं, माझ्या मते आर्किटेक्ट लोक या तंबूंना उगाच कमी लेखतात.

खरी अडचण हिशोबाची होती. कापड ओढतं म्हणून काठी वाकते आणि काठी विरोध करते म्हणून कापड ताणलं जातं, दोन्ही एकमेकांवर अवलंबून, त्यामुळे आधी एकाचा आकार ठरवू मग दुसरं बघू असं जमतच नाही, बराच काळ हाताने मॉडेल करूनच बघावं लागायचं. कॉम्प्युटरवर हे नीट जमायला लागल्यावर स्टुटगार्टवाल्यांनी २०१० ला पातळ प्लायवूडच्या पट्ट्या वाकवून पॅव्हेलियन केलं, आणि २०१२ ला फ्रान्समधल्या मोंत्वारोंला एम-वन नावाचं छत, ज्यात ग्लासफायबरचे रॉड आणि कापड एकमेकांना धरून उभे.

ग्लासफायबरच का? १० मिमीचा रॉड १ मीटर त्रिज्येत वाकवला तर बाहेरची कड ०.५ टक्का लांब ताणली जाते. साध्या स्टीलला एवढं झेपत नाही, ते वाकडंच राहतं, ग्लासफायबर आरामात परत सरळ होतं. फक्त कायम वाकवून ठेवलं की तेही हळूहळू सैलावतं, म्हणून बराच काळ ठेवायच्या छतात त्रिज्या मोठी घेतात.